रेडियम जॅकेट आणि आतली बनियन

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एका रेडियम जॅकेटचा तुकडा ठेवलेला आहे. पोपटी जाळी, आणि मधे पंजाएवढा भाग आखडून काळा पडलेला. हात लावला तर काचेसारखा कडक लागतो. नखाने खरवडला की बारीक कपचे निघतात.

मी हिंगणा एमआयडीसीत एका वीज कंत्राटदाराकडे 11 वर्षं स्टोअर सांभाळते. लाईनवरच्या पोरांचे हातमोजे, हेल्मेट, डिस्चार्ज रॉड, कपडे, सगळं माझ्या सहीने बाहेर पडतं. हे जॅकेटही माझ्याच सहीने गेलं होतं. कामठी रोडकडे एका फीडर पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीत, फ्यूज बसवताना भडका उडाला. यालाच आर्क म्हणतात. पोराच्या अंगात एफआर शर्ट होता, म्हणजे आग न धरणाऱ्या कापडाचा. रस्त्यावरचं काम म्हणून त्यावर मी साधं जाळीचं रेडियम जॅकेट दिलं होतं. शर्ट काळवंडला, पण पेटला नाही. जॅकेट वितळलं. शर्टाची वरची गुंडी उघडी होती, तिथे गळ्यावर वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटलं. तीन महिन्यांनी तो कामावर आला. डाग अजून आहे.

चूक माझी होती. शर्ट चांगला दिला म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले होते. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं आणि आर्कची उष्णता त्याच्या कितीतरी पट असते. सर्वांत बाहेरचा थरच आधी त्या उष्णतेत सापडतो, म्हणून जॅकेटही एफआरच हवं. किंवा सरळ शर्टच पोपटी आणि चमकत्या पट्टीचा घ्यावा, वर काही चढवायची गरज राहत नाही. आम्ही आता तेच करतो.

लोक 11 केव्हीला, म्हणजे 11 हजार व्होल्टला घाबरतात आणि एलटीवर, म्हणजे घरांना जाणाऱ्या कमी दाबाच्या लाईनवर निर्धास्त असतात. शॉकचं ठीक आहे, पण भडक्याचं गणित वेगळं असतं. ट्रान्सफॉर्मर जवळ असला की एलटीच्या पिलरमध्येही फॉल्ट करंट, म्हणजे बिघाड झाल्यावर धावणारा करंट, प्रचंड येतो, आणि पोराचं तोंड त्या पेटीपासून हातभर अंतरावर असतं.

खरेदी करताना मी आता पहिल्यांदा शर्ट उलटा करते. आतल्या लेबलवर कॅलरीचा आकडा आहे का, ते बघते. नुसतं ‘एफआर’ लिहिलेलं पुरत नाही. वेल्डिंगचं जॅकेटही आग धरत नाही, पण आर्कची उष्णता ते किती अडवेल हे कुणी मोजलेलं असेलच असं नाही. आकडा दर चौरस सेंटिमीटरला इतक्या कॅलरी असा असतो. उघड्या कातडीला 1.2 कॅलरी बसली की फोड येण्याइतकं भाजतं. एनएफपीए 70ई या अमेरिकेच्या वीज-सुरक्षेच्या मानकात कपड्यांचे चार वर्ग आहेत, त्यात पहिल्या वर्गाला 4, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 25 आणि चौथ्याला 40 कॅलरी लागतात. आमच्या कामाच्या हिशोबात 8 बसतात. पण आठचा शर्ट म्हणजे आठपर्यंत काही होणार नाही, असं समजू नका. लेबलवर त्या आकड्याआधी ‘एटीपीव्ही’ लिहिलेलं असेल, तर तेवढ्या उष्णतेला आतल्या माणसाला दुसऱ्या दर्जाचं भाजण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून शटडाऊन, टेस्टिंग, अर्थिंग हे सगळं आधी. शर्ट त्यानंतर. आणि शर्ट शॉक अडवत नाही, त्याला रबरी हातमोजेच लागतात.

आपल्याकडे उष्णतेपासून बचावाच्या कपड्यांना आयएस 15748 आणि दुरून दिसणाऱ्या कपड्यांना आयएस 15809 हे भारतीय मानक आहे. विक्रेत्याकडून मी दोन्हींचे टेस्ट रिपोर्ट मागते आणि रिपोर्टवरचं कापड आणि हातातलं कापड एकच आहे का, ते वजनासकट ताडून बघते.

आता नागपूरच्या उन्हाचं बोलायला हवं, कारण खरी अडचण तिथेच आहे. मे महिन्यात मी दोन नमुने तिघांना घालायला दिले. एक दर चौरस मीटरला 240 ग्रॅम वजनाच्या कापडाचा, आग धरू नये म्हणून प्रक्रिया केलेला सुती. दुसरा 200 ग्रॅमच्या आसपासचा, मोडॅक्रिलिक या आग न धरणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या मिश्रणाचा. कॅलरी दोन्हींची सारखीच. पहिला दाखवला तेव्हाच एक जण म्हणाला, “ताई, हे घालून एकदा पोलवर चढून पाहा, मंग सांगा.” अकरा वाजता मी साईटवर गेले, तर जाड शर्टवाल्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर. बाही दुमडली की त्या हाताला कॅलरी शून्य. हलका शर्ट महाग पडतो, तरी मी मालकांशी दोन दिवस भांडून तोच घेतला. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही, ज्याच्या बाह्या मनगटापर्यंत राहतील, तो शर्ट माझ्या लेखी चांगला. झळाळता पोपटी रंग निव्वळ सुती कापडावर नीट धरत नाही, म्हणूनही हे मिश्रण बरं.

रंग दिवसा कामाचा, रात्री पट्टीच दिसते. वर्धा रोडवर रात्रीचं काम असेल तर बाह्यांवरही पट्टी असलेला शर्टच देते. पट्टी मळली की चमक जाते, म्हणून महिन्यातून एकदा अंधाऱ्या गोडाऊनमध्ये टॉर्च मारून बघते.

दुपट्ट्यावरून सर्वांत जास्त वाद झाला. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, आणि पडूही नये. पण हेल्मेटखालचा तो रंगीत दुपट्टा बहुतेक वेळा सिंथेटिक असतो. पिलर उघडायच्या आधी तो काढायचा, पातळ एफआर टोपी घालायची, जी मानेपर्यंत येते, आणि वर आर्कची फेस शील्ड, हा आता नियम आहे. सावलीत आल्यावर दुपट्टा खुशाल बांधा.

बनियनही बघते. थंड वाटते म्हणून पोरं स्पोर्टसारखी चकचकीत बनियन घालतात. शर्ट पेटला नाही तरी आत उष्णता पोचते आणि ती बनियन पाठीला चिकटते. सुती बनियन घाला, इतकंच सांगणं असतं. पावसाळ्यात साधा रेनकोट म्हणजे पुन्हा त्या जॅकेटचीच गत. तोही एफआरच घ्यावा लागतो, आणि फॉल्ट तर पावसातच जास्त येतात. नावाची पट्टी नि बिल्ला लावायला आमच्या शिंप्याला मी ॲरामिडचा, म्हणजे उष्णतेत न वितळणारा दोरा आणून दिलाय. साध्या दोऱ्याने टाके घालू नका म्हणून त्यांच्या मशीनपाशी उभी राहून सांगितलं.

धुण्याचं मात्र माझ्या हातात नाही, ते घरी होतं. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं पाणी नको, आणि कांजी तर मुळीच नको, कारण कांजी स्वतःच जळते. उलटा करून सावलीत वाळवा, नाहीतर नागपूरचं ऊन एका मोसमात पोपटी रंग फिका करतं. ही चिठ्ठी मी प्रत्येक शर्टासोबत घरी पाठवते. गेल्या आठवड्यात एका पोराच्या बायकोचा फोन आला. दर रविवारी ती त्याच्या शर्टाला कांजी करायची, कडक शर्टात तो साहेब दिसतो म्हणून. मी सगळं समजावलं. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग विचारलं, “मंग इस्त्री तरी चालते ना ताई?” मी लेबलचा फोटो पाठवायला सांगितला. इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका होता. कोमट इस्त्री चालेल, पट्टीवरून फिरवू नका, म्हटलं.