डेबियन १२ वरून १३: दोन व्हीएम उठेनात

शनिवारी रात्री होस्ट, म्हणजे ज्याच्या पोटात माझ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, संगणकातले संगणक) चालतात तो संगणक, डेबियन लिनक्स १३ वर नेला. अपग्रेड बिनबोभाट पार पडले. रीस्टार्टनंतर सवयीने व्हर्शमध्ये (व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या प्रोग्रॅमची कमांड) यादी काढली तर पाचपैकी तीन व्हीएम ‘रनिंग’ आणि दोन ‘शट ऑफ’. त्यातली एक घरच्या फायलींची, दुसरी ‘प्रेस’.

‘प्रेस’ म्हणजे बाबांच्या छापखान्याची विंडोज एक्सपी. लग्नपत्रिका, हँडबिले, वास्तुशांतीची निमंत्रणे, सगळे पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये लावलेले आणि अक्षरे श्रीलिपी फाँटची. हा मजकूर युनिकोडात नाही. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली तर ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. बाबांचा जुना पीसी २०१६ मध्ये शेवटच्या घटका मोजू लागला, तेव्हा मी नव्या व्हीएममध्ये एक्सपी टाकून फायली, फाँट आणि पेजमेकर तिकडे हलवले. त्या वेळी होस्टवर डेबियन ८ होते. त्यानंतर होस्ट एकेक पायरी चढत गेला, पण त्या व्हीएमच्या व्याख्येला, म्हणजे तिचे हार्डवेअर नोंदवणाऱ्या एक्सएमएल फाइलला, मी हात लावला नाही. नीट चालत होती, म्हणून.

आता सुरू करायला गेलो तर उत्तर आले की हा एम्युलेटर ‘पीसी-आय४४०एफएक्स-२.१’ हा मशीन टाइप, म्हणजे व्हीएमला दाखवायच्या मदरबोर्डचा प्रकार, ओळखत नाही.

एरर एवढा स्पष्ट असला की निम्मे काम झालेले असते. व्हीएम बनवताना आपण नुसते ‘पीसी’ निवडतो. लिबव्हर्ट मात्र त्या दिवशी ‘पीसी’चा जो अर्थ असेल तो आवृत्तीच्या आकड्यासकट एक्सएमएलमध्ये कायमचा लिहून ठेवतो. डेबियन ८ मध्ये क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम चालवणारा तो एम्युलेटर, २.१ आवृत्तीचा होता, म्हणून माझ्या एक्सपीच्या कपाळी २.१ आला. यामागचा हेतू चांगला आहे. होस्ट कितीही बदलला तरी आतल्या विंडोजला आपला मदरबोर्ड तोच वाटत राहतो. पण जुने मदरबोर्ड जन्मभर सांभाळणे क्यूईएमयूलाही जड जाते. त्यांचा नियम जाहीर आहे: तीन वर्षांनी मशीन टाइपवर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसतो, सहा वर्षांनंतर तो काढून टाकायला मोकळीक. २.० ते २.३ हे टाइप क्यूईएमयू ९.१ मध्ये गेले. डेबियन १२ वर ७.२ होते, तिथे माझे निभावले. १३ वर १०.० आहे.

दुरुस्तीआधी डिस्कच्या फाइलची बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत काढली. हे न करता पुढचे एकही पाऊल टाकू नका, कळकळीने सांगतो. होस्ट पुन्हा उभा करता येतो, पण त्या पत्रिका दुसरीकडे कुठेच नाहीत.

मग क्यूईएमयूला मशीन टाइपची यादी विचारली. ‘मशीन हेल्प’ दिले की उपलब्ध टाइप एकाखाली एक येतात आणि लवकरच जाणाऱ्यांपुढे तसे लिहिलेले असते. इथे क्यू३५ हा टाइप घेण्याचा मोह होतो, कारण तो नवा. नावातच कळते: आय४४०एफएक्सच्या पाटीवर १९९६ आहे, क्यू३५च्या पाटीवर २००९. पण एक्सपीसाठी क्यू३५ नकोच. त्यावर डिस्क एएचसीआयला (सॅटा डिस्क जोडण्याची पद्धत) लागते, एक्सपीच्या पोटात त्याचा ड्रायव्हर नाही, आणि बूट होताना निळ्या पडद्यावर ७बी हा आकडा मिळतो. म्हणून कुळी तीच ठेवली आणि आकडा ७.२ केला. १०.० हून मुद्दाम मागचा घेतला. वेळ आलीच तर हीच व्हीएम लॅपटॉपवरच्या डेबियन १२ वर नेता येईल. यूयूआयडी (व्हीएमचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता होता तसाच राहू दिला. हार्डवेअर फार बदललेले दिसले की एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागते.

व्हर्श एडिट, आकडा बदलला, सेव्ह, स्टार्ट. पुन्हा तोच एरर. तोच २.१!

एक्सएमएल पुन्हा उघडून पाहिला, ७.२ लिहिलेले. लिबव्हर्टची सर्व्हिस रीस्टार्ट केली, फरक नाही. इथे माझा तास गेला. शेवटी यादी ‘मॅनेज्ड सेव्ह’चा पर्याय लावून काढली आणि ‘शट ऑफ’च्या जागी ‘सेव्ह्ड’ दिसले. मग आठवले. उन्हाळ्यात दुपारी वीज जायची तेव्हा यूपीएसची बॅटरी उतरली की सगळ्या व्हीएम रॅमसकट डिस्कवर गोठवायची स्क्रिप्ट मी लावली होती. बाकीच्या वीज आल्यावर आपोआप उठल्या. ‘प्रेस’ला ऑटोस्टार्ट नाही, म्हणून ती तेव्हापासून गोठलेलीच होती. गोठवलेल्या फाइलमध्ये व्हीएमचा स्वतःचा एक्सएमएल असतो आणि स्टार्ट दिल्यावर लिबव्हर्ट आधी तो वाचतो. मी दुरुस्त करत होतो ती प्रत कोणी बघतच नव्हते.

ही फाइल काढून टाकणे म्हणजे चालू संगणकाची वायर उपटणे. सेव्ह न केलेले काम असेल तर गेले. म्हणून रात्री अकराला बाबांना फोन लावला.

“बाबा, उन्हाळ्यात वीज गेली त्या दिवशी तुम्ही प्रेसमध्ये काही नवीन करत होतात का?”

“नाही रे, जोशींची जुनी पत्रिका नुसती बघत होतो. का, काय झालं?”

एवढे पुरे होते. मॅनेज्ड सेव्ह काढला आणि स्टार्ट दिला. काळा पडदा, विंडोजची पट्टी, मध्येच डिस्क तपासणी, मग ते हिरवे डोंगर. उजव्या कोपऱ्यात ‘नवे हार्डवेअर सापडले’चे दोन फुगे येऊन गेले. ॲक्टिव्हेशन मागितले नाही.

रविवारी सकाळी फायलींची व्हीएम घेतली. आत डेबियनच, पण यूईएफआयवर (जुन्या बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर) बूट होणारी. एरर असा की ओव्हीएमएफची कोड फाइल जागेवर नाही. त्या फाइलचा रस्ता (पाथ) मीच एक्सएमएलमध्ये हाताने लिहिला होता. ओव्हीएमएफ म्हणजे व्हीएमचे यूईएफआय फर्मवेअर. डेबियन १२ मध्ये त्याच्या २ एमबी आणि ४ एमबी अशा दोन्ही प्रती असतात. १३ मध्ये फक्त ४ एमबीची आहे, नावात ‘४एम’ असलेली.

नुसता रस्ता बदलून भागत नाही. व्हीएमची स्वतःची व्हेरिएबल्सची फाइल, म्हणजे एनव्हीरॅम, तीही जुन्या मापाची असते. माझ्या फाइलचा आकार १३१०७२ बाइट निघाला. ४ एमबी कोडला लागणारी ५४०६७२ बाइटची असते. ही जोडी जुळवली नाही तर यूईएफआय उठतच नाही. जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवली, एक्सएमएलमध्ये कोड आणि व्हेरिएबल्सचा साचा दोन्ही ४एमचे केले आणि स्टार्ट दिला.

व्हीएम उठली, पण थेट यूईएफआय शेलवर. घाबरायचे कारण नाही. कोऱ्या एनव्हीरॅममध्ये ‘डेबियन कुठे आहे’ याची नोंदच नसते. रीसेट करून लोगो दिसताच एस्केप दाबले, बूट मेंटेनन्समध्ये ‘फाइलवरून बूट’ निवडले, ईएफआय पार्टिशनमधल्या डेबियन फोल्डरातून ग्रब या बूटलोडरची फाइल उचलली आणि लॉगिन आले. आत जाऊन ग्रब पुन्हा इन्स्टॉल केला, तशी नोंद परत बसली. त्यानंतर दोनदा रीबूट करून पाहिले. ज्यांच्या व्हीएममध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएमवर (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) बांधलेले एन्क्रिप्शन आहे, त्यांनी एनव्हीरॅम बदलण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवावी.

तुमचा होस्ट अजून १२ वर असेल तर यातले बरेचसे आजच उरकता येईल. लिबव्हर्टच्या एक्सएमएल फायलींत ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) ‘मशीन’ आणि ‘ओव्हीएमएफ’ शोधा. २ ने सुरू होणारा आकडा किंवा ‘४एम’ नसलेला रस्ता दिसला तर १२ वरच बदला आणि एकदा चालवून बघा. सगळ्या व्हीएम पूर्ण बंद करा, गोठवू नका. यूपीएसच्या स्क्रिप्टमध्ये मी आता मॅनेज्ड सेव्हऐवजी शटडाउन घातले आहे.

संध्याकाळी बाबा आले, खुर्ची ओढून बसले आणि जोशींची पत्रिका उघडली. कुंकवाच्या रंगातला गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, एकही वेलांटी हललेली नव्हती. आता एकेक पत्रिका पीडीएफ करून फायलींच्या व्हीएममध्ये टाकतो आहे. पहिल्या बैठकीत बेचाळीस झाल्या. फाँट पीडीएफमध्येच बसवावे लागतात, नाहीतर बाहेर पुन्हा तोच काला. २००३ च्या आधीच्या फायली पेजमेकरच्या आणखी जुन्या आवृत्तीतल्या आहेत, त्या पुढच्या रविवारी.