२८ पौंडांचं नेट आणि विश्रामबागेतलं पत्रक

इंग्लंडात ब्रॉडबँडच्या जाहिरातीत महिन्याचा आकडा ठळक असतो आणि बाकीचं भिंग घेऊन वाचावं लागतं. करार बहुतेकदा १८ किंवा २४ महिन्यांचा. मध्येच सोडला तर पैसे भरून सुटका. वर करार चालू असतानाच बऱ्याच कंपन्या दर एप्रिलला भाव वाढवतात. पूर्वी ही वाढ महागाईच्या दराला जोडलेली असायची, म्हणजे पुढच्या वर्षी किती भरायचे हे सही करताना ब्रह्मदेवालाही ठाऊक नसे. ऑफकॉम या इथल्या नियामक संस्थेने १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांसाठी ते बंद केलं. आता वाढ किती आणि कधी, हे पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावं लागतं.

त्यामुळे निदान हिशोब तरी मांडता येतो. समजा, सप्टेंबरात २८ पौंडांचा २४ महिन्यांचा करार केला आणि दर एप्रिलला ३ पौंड वाढ. मार्चपर्यंतच्या ७ महिन्यांचे १९६, पुढच्या १२ महिन्यांचे ३७२, शेवटच्या ५ महिन्यांचे १७०. एकूण ७३८. शेजारच्या जाहिरातीत ३० पौंड, पण वाढ नाही: ७२०. महाग दिसणारं स्वस्त निघालं की नाही?

करारासोबत देऊ केलेलं गिफ्ट कार्ड मी बेरजेत धरतच नाही. ते ठरावीक मुदतीत मागावं लागतं, विसरलात की गेलं. आणि ‘ऑफर संपायला २ तास’ म्हणणारं ते उलटं घड्याळ! दोन तासांनी बघा, पुन्हा नव्याने धावत असतं.

स्पीडबद्दलचा इथला नियम मात्र मला फार आवडतो. मे २०१८ पासून जाहिरातीतला सरासरी स्पीड किमान निम्म्या ग्राहकांना रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी मिळायलाच हवा. पहाटे तीनला मिळणारा स्पीड छापून उपयोग नाही.

हे सगळं आठवलं ते बाबांच्या फोनमुळे. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी पेपरातून नेट देणाऱ्या केबलवाल्याचं एक पत्रक आलं: ‘१०० एमबीपीएस, महिना फक्त ४९९’. “अगं, वर्षाचं भरलं की दोन महिने फुकट म्हणतोय. टाकू का भरून?”

मी फोटो मागवला. मूळ प्लॅन ५९९ चा. दहा महिन्यांचे ५,९९०, त्याला बारानं भागून ४९९. खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’. तो १८ टक्के, म्हणजे एकरकमी ७,०६८ आणि महिन्याला ५८९. फसवणूक नाही हं. महिन्या-महिन्याने भरले तर करासह ७०७ पडतात, तेव्हा सूट खरीच आहे. प्रश्न इतकाच की वर्षभराचे पैसे आधी त्याच्या खिशात गेल्यावर पावसाळ्यात वायर तुटली, तर हा माणूस फोन उचलणार का?

म्हणून मी बाबांना पत्रक बाजूला ठेवून त्याच जिन्यातल्या देशपांडे काकूंकडे पाठवलं. रात्री नवाला नेट कसं चालतं, बंद पडलं तर माणूस कधी येतो, एवढंच विचारा म्हटलं. केबलवाल्याला विचारायचं वेगळं: डेटाची मर्यादा किती, ती संपल्यावर स्पीड किती उरतो, मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, तेराव्या महिन्याला दर काय. आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायची. सोबत मिळणारे ओटीटी तर बाबांच्या मोबाइलच्या रिचार्जमध्ये आधीच आहेत, त्यांची किंमत शून्य.

काकू म्हणाल्या, नेट बरं आहे, पण जुलैत चार दिवस बंद होतं.

बाबांनी मग तीन महिन्यांचेच पैसे भरले. वर घासाघीस करून राउटरचं डिपॉझिटही माफ करून घेतलं, जे पत्रकात कुठेच नव्हतं.