घरचा फाइल सर्व्हर: स्नॅपशॉटांनी अडवलेल्या जागेचा हिशेब

बेळगावच्या घरी चालणाऱ्या फाइल सर्व्हरवर झेडएफएस या फाइल-प्रणालीचा दोन डिस्कांचा मिरर (दोन्हींवर तीच माहिती) स्थिरावला आहे, त्यामुळे या वेळी जागेचा आणि स्नॅपशॉटांचा, म्हणजे फायलींच्या त्या-त्या क्षणीच्या गोठवलेल्या स्थितीचा, प्रश्न हाती घेतला. सर्व्हरवर मुख्यतः जमिनीच्या जुन्या मोडी कागदांचे व नंतरच्या कन्नड उताऱ्यांचे स्कॅन, राजहंसगड आणि वल्लभगडाची छायाचित्रे, तसेच खानापूर तालुक्यातील भजनी मंडळांची चित्रीकरणे आहेत. पहिल्या दोहोंत केवळ भर पडत जाते. चित्रीकरणांच्या संपादनात मात्र मोठमोठ्या फायली रोज तयार होतात आणि रोज पुसल्या जातात. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

डिस्कवर ४ टेराबाइट छापलेले असले तरी १०२४ च्या हिशेबाने ते सुमारे ३.६४ भरते, त्यातला बत्तिसावा भाग झेडएफएस राखून ठेवते आणि हाती साडेतीनच्या आसपास उरते. त्यातही ८० टक्क्यांच्या पुढे न जाण्याचा जुना संकेत मी पाळतो. ही प्रणाली जुन्या ब्लॉकवर (माहिती साठवण्याच्या तुकड्यावर) नवी माहिती कधीच लिहीत नाही, प्रत्येक बदल मोकळ्या जागेत लिहिते. त्यामुळे पूल (डिस्कांची एकत्रित साठवण) भरत आला की सलग मोकळी जागा सापडणे अवघड होते आणि लेखन मंदावते. फाइल पुसण्यासाठीसुद्धा थोडी नवी जागा लागते, आणि तो राखीव भाग अशा वेळी कामाला येतो.

स्नॅपशॉट घेताना जागा जवळजवळ लागत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तो घेतल्यानंतर पुसलेले किंवा बदललेले जुने ब्लॉक मोकळे होत नाहीत, हेही ठाऊक असते. फसगत होते ती यादी वाचताना. सोमवार ते गुरुवार रोज एक स्नॅपशॉट घेतला, या चारही दिवशी ४० गिगाबाइटचे एक चित्रीकरण डिस्कवर होते आणि शुक्रवारी ते पुसले, असे समजा. यादीत चारही स्नॅपशॉटांपुढे जेमतेम काही मेगाबाइटचे आकडे दिसतात, कारण त्या रकान्यात केवळ त्या एका स्नॅपशॉटकडे असलेले ब्लॉक मोजले जातात आणि हे ४० गिगाबाइट तर चौघांचे आहेत. सामाईक मिळकत कोणा एकाच्या खात्यावर दिसू नये, तसाच हा प्रकार. तीन स्नॅपशॉट काढून टाकले तरी त्या चित्रीकरणाची जागा सुटत नाही. मात्र उरलेल्या एकाच्या नावावर अचानक ४० गिगाबाइट चढतात.

म्हणून वेगवेगळे आकडे बेरजेला न धरता डेटासेटचा (साठवणीतील स्वतंत्र विभागाचा) ‘यूज्ड बाय स्नॅपशॉट्स’ हा एकत्रित आकडा पाहावा, हे उत्तम. काय पुसल्यावर किती जागा सुटेल हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ आज्ञेला पहिल्या व शेवटच्या स्नॅपशॉटची नावे मध्ये टक्क्याचे चिन्ह घालून द्यावीत आणि ‘एन’ व ‘व्ही’ हे पर्याय जोडावेत. प्रत्यक्षात काहीही न पुसता सुटणाऱ्या जागेचा अंदाज मिळतो. माझ्या मते झेडएफएसमधील सर्वात दुर्लक्षित सोय हीच आहे.

यावरून डेटासेट वेगळे केले. कागदपत्रे व छायाचित्रे यांचे मासिक स्नॅपशॉट दोन वर्षे राहतील, कारण तेथे काही पुसलेच जात नसल्याने त्यांचा भार नगण्य आहे. संपादनाच्या डेटासेटवर केवळ तीन दिवसांचे स्नॅपशॉट ठेवले आहेत. घरातील इतरांच्या फोल्डरांना मर्यादा घालताना ‘कोटा’ऐवजी ‘रेफकोटा’ वापरला. साध्या कोट्यात स्नॅपशॉटही मोजले जात असल्याने फायली पुसूनही फोल्डर भरलेलेच राहते, आणि हे काकांना समजावत बसणे मला झेपणारे नाही.

विंडोजवरून जुनी आवृत्ती काढता यावी म्हणून विंडोजला फायली पुरवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरचे ‘शॅडो कॉपी टू’ मॉड्यूल जोडले आहे. स्नॅपशॉटच्या नावातील वेळ हे मॉड्यूल मूळ सेटिंगनुसार ग्रीनिचची समजते, त्यामुळे आपल्याकडे रात्री ९ वाजता घेतलेला स्नॅपशॉट विंडोजमध्ये दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचचा दिसतो. ‘लोकलटाइम’ हा पर्याय चालू केला की वेळ जुळते.

स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर राहत असल्याने तो बॅकअप नव्हे. बॅकअपची डिस्क निपाणीला मामांकडे असते आणि अधूनमधून येथे आणून केवळ बदललेला भाग तिच्यावर पाठवला जातो. त्यासाठी दोन्हीकडे एक समान स्नॅपशॉट लागतो, पण डिस्क यायला उशीर झाला तर येथील जुना स्नॅपशॉट मुदतीनुसार पुसला जाण्याची शक्यता असते. तो राखून ठेवण्याऐवजी त्याचा बुकमार्क, म्हणजे केवळ त्या क्षणाची खूण, केला आहे. बुकमार्क जुने ब्लॉक अडवून धरत नाही आणि पाठवणाऱ्या बाजूला तेवढा पुरतो. निपाणीच्या डिस्कवर मात्र मूळ स्नॅपशॉट शाबूत असावा लागतो.

सध्या पूल ७१ टक्के भरला आहे. दिवाळीनंतर ८ टेराबाइटच्या डिस्का जुन्यांच्या जागी एकामागून एक बसवण्याचा विचार आहे. ‘ऑटोएक्स्पांड’ आधीच चालू करून ठेवले असले तरी वाढीव जागा दुसऱ्या डिस्कचे रिसिल्व्हरिंग (तिच्यावर माहिती उतरवणे) पूर्ण झाल्यावरच दिसेल.