टॅबला लावलं कामाला

कपाटात पडून असलेला जुना अँड्रॉइड टॅब काल लॅपटॉपचा दुसरा मॉनिटर झाला. लॅपटॉपवर स्पेसडेस्क या टॅबला मॉनिटर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर, टॅबवर त्याचंच व्ह्यूअर अ‍ॅप, दोन्ही एकाच वायफायवर. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’, म्हणजे स्क्रीन दोन्हीकडे पसरवण्याचा पर्याय, निवडलं.

तरी माउसचा बाण काही पलीकडे जाईना! टॅब डावीकडे, म्हणून मी बाण डावीकडे ढकलतोय. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मात्र २ नंबरचा, म्हणजे टॅबचा, चौकोन उजवीकडे बसलेला. तो ओढून लॅपटॉपच्या १ नंबरच्या चौकोनाच्या डाव्या कडेला चिकटवला, तेव्हा गाडी रुळावर आली. अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, म्हणून त्या स्क्रीनचं स्केल १५० टक्के केलं. वायफायवरून व्हिडिओ अडखळतो, पण त्याचं मला सोयरसुतक नाही. तिथे पीडीएफ उघडी, इकडे टायपिंग. फक्त टॅब चार्जिंगला लावायला विसरलो आणि ऐन कामात दुसरा मॉनिटर झोपला.