तुम्ही विचारलंत म्हणून: दगड फुकट का वाटते?

"काकू, महिनाभर वीज जाळून घासलेले दगड पोरांना फुकट का वाटता?" आमच्या सोसायटीत हे मला बहुतेक सगळ्यांनी विचारून झालंय. "विका की," असंही सुचवून झालंय.

लहानपणी आजोळी दारणा नदीच्या पात्रात आम्ही गारा, म्हणजे गारगोटीचे खडे, वेचायचो. पाण्यात असेपर्यंत काय दिसायच्या! मधासारख्या पिवळ्या, तांबूस, एखादीत पांढऱ्या रेघा. परकराच्या ओच्यात भरून आणायच्या आणि ओटीवर ओतल्या की सगळ्या पिठूळ. वाटेत कुणीतरी बदलल्या असं मला खरंच वाटायचं. दगड सुकला की त्याच्या खरखरीत अंगावर उजेड विखुरतो, म्हणून रंग फिका पडतो. पाणी ते बारीक खळगे भरून काढतं. पॉलिश म्हणजे दगड कायमचा ओला ठेवणं. हे कळेपर्यंत माझी चाळिशी उलटली होती.

म्हणून पोरं आली की मी आधी कच्ची गार हातात देते. बादलीत बुडव, बघ, आता पंख्याखाली ठेव. रंग गेला की चेहरे पडतात. मग घासलेल्यांचं ताट पुढे करायचं. एकच उचलायचा, हा नियम. दहा-दहा मिनिटं लागतात. "मोठा घे रे!" म्हणणाऱ्या आईबापांना मी गॅलरीत बसवते. तीन वर्षांखालच्यांना मात्र काही नाही, ती आधी तोंडात घालतात.

दगड घासायचं यंत्र साधं आहे. दोन रुळांवर फिरणारा रबरी डबा. तो निम्म्याहून बराच वर भरावा लागतो, नाहीतर दगड एकमेकांवर आपटून चिरतात. पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे दगड घासणारी कठीण पूड: आधी ६०-९० नंबरची जाड, मग १२०-२२०, मग ५००. शेवटी चकाकीसाठी अॅल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येकीला साधारण आठवडा, रात्रंदिवस घरघर. मधे दरवेळी डबा आणि दगड घासून धुवायचे. जाड पुडीचे चार कण राहिले तरी चकाकीवर ओरखडे. आणि तो गाळ मोरीत ओतू नये, पाइपात सिमेंटसारखा बसतो. प्लंबरचे पैसे देऊन शिकले आहे.

यात सगळे दगड चालत नाहीत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, तो थिजताना आत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. काहींत सिलिका साचून अकीक आणि गारा झाल्या. त्यांची कठीणता १ ते १० च्या मोजपट्टीवर ७ च्या आसपास. काहींत झिओलाइट या मऊ खनिजाचे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेमागे ठेवलेत, इतके देखणे. पण कठीणता ४ च्या आगेमागे.

हे मी एका नऊ वर्षांच्या मुलाला वेळीच सांगायला हवं होतं. मामाच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं, तिथला एक पांढरा चमचमता खडा त्याने आणला. "माझापण फिरवा ना." मला शंका आली होती. पण तो इतक्या आशेनं बघत होता की मी गारांबरोबर टाकला. आठवड्याने डबा उघडला तर गारा होत्या, खडा नव्हता. पाणी मात्र नेहमीपेक्षा पांढरट.

मी त्याला ताट दिलं, "दोन घे, तीन घे" म्हटलं. नियम गेला खड्ड्यात. त्याने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे तो यात आहे?" डब्यात बोट बुडवून त्याने विचारलं.

"हो. यातच."

मग त्याने माझ्याकडून लोणच्याची रिकामी बरणी मागून घेतली.