पांढऱ्या धाग्यात दिसत नाही ते : आमची वाटचाल

सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे पॉलिएस्टरचा धागा गरम करून, पीळ देऊन फुगीर करणारं एकच सेकंड हँड टेक्स्चरायझिंग मशीन, २१६ पोझिशनचं, म्हणजे एका वेळी २१६ धागे चालवणारं, आणि शेडची तक्रार आली की उत्तर ठरलेलं, डाईंगवाल्याने घोळ घातला असेल. पांढरा धागा सगळा सारखाच दिसतो हो, डेनियर म्हणजे जाडी बरोबर, स्ट्रेंथ बरोबर, मग आमचं काय चुकलं?

एकदा एका जुन्या गिऱ्हाईकाने नेव्ही ब्लू निटेड कापडाचा तुकडा टेबलावर टाकला, ठराविक अंतराने एक ओळ वेगळीच उठून दिसत होती. म्हणाला, डाईंग बिघडलं असतं तर अख्खा ताका बिघडला असता ना, एकच ओळ कशी? आमची बोलतीच बंद. मग त्या ओळीचा धागा ज्या कोनवरून, म्हणजे गुंडाळीवरून, आला तो शोधला, नशिबाने आत पोझिशनचा स्टिकर शाबूत होता, मशीनवर जाऊन बघतो तर त्या पोझिशनचा धागा हीटरच्या खाचेतून बाहेर पडून काठावरून चाललेला, आणि कधीपासून ते देवच जाणे.

पॉलिएस्टरचं असं आहे की रंग १३० डिग्रीला प्रेशरमध्ये आत शिरतो, तोही रेणूंची रचना जिथे विस्कळीत आहे तिथेच, आणि ती जागा किती उरणार हे धाग्याला हीटरवर किती गरमी मिळाली आणि तो किती खेचला गेला यावर ठरतं. म्हणजे डाईंगवाल्याच्या हातात जायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

दुसरा फटका आमच्याच घाईचा. पीओवाय, म्हणजे मशीनला लागणारा अर्धवट ताणलेला कच्चा धागा, कमी पडला म्हणून रात्रपाळीत क्रीलवर, म्हणजे बॉबिन लावायच्या मांडणीवर, दोन मर्ज नंबर, म्हणजे दोन वेगळ्या लॉटचे बॉबिन, एकत्र चढवले, डेनियर तर सेम आहे ना म्हणून. रंगल्यावर दोन शेड, सगळा माल परत. तेव्हापासून दुसऱ्या मर्जचे बॉबिन क्रीलजवळ ठेवायचेच नाहीत, मशीन थांबलं तर थांबू दे.

डाय पॅकेज, म्हणजे गुंडाळीतच रंगवायचा धागा, सुरू केल्यावर आणखी नवीन दुखणं, पॅकेज कडक गुंडाळलं की लिकर, म्हणजे रंगाचं पाणी, नीट फिरत नाही, मग आतला आणि बाहेरचा धागा वेगळ्या शेडचा. इथे मात्र खरंच डाईंगवाल्यासोबत बसूनच डेन्सिटी ठरवावी लागली, आणि आधी इतकी दूषणं दिलेली त्यामुळे जरा खाली मान घालूनच बसलो.

आता प्रत्येक पोझिशनचा धागा ओळीने एकाच मोज्यात, म्हणजे तपासणीसाठीच्या विणलेल्या नळीत, विणतो, गडद निळा रंगवतो आणि उजेडात धरतो. परवा ११२ नंबर दोनदा वेगळा आला, हीटर साफ केला, टेन्शन बघितलं, काही नाही, शेवटी धाग्याला पीळ देणाऱ्या घासलेल्या डिस्क बदलल्या तेव्हा कुठे जुळला.