मध्यंतरातली बासरी

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भाषणं आणि करमणुकीचा कार्यक्रम यांच्यामध्ये एक लांबलचक मध्यंतर असायचं. कार्यक्रमपत्रिकेवर ‘परिचय व गप्पा’ असं छापलेलं. वेगवेगळ्या सालांच्या तुकड्या, कुणाची बायको, कुणाचे यजमान, निवृत्त सर आणि बाई. शाळा सोडली तर बहुतेकांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सुरुवातीला जो तो आपापल्या ओळखीच्या कोंडाळ्यात. मग माइक-स्पीकरचं बघणारे काका बासरीची कॅसेट लावायचे, आवाज आणखी थोडा खाली घ्यायचे, आणि हळूहळू ती कोंडाळी सुटायला लागायची. मी मेळाव्याला जायचो ते खरं तर या तासाभरासाठी.

अनोळखी माणसाशी बोलणं नेमकं कुठे अडतं, ते तिथे छान दिसायचं. ‘कुठल्या सालचे?’, ‘सध्या काय करता?’ इथवर सगळं सुरळीत. मग दोघांकडचंही संपतं. शांत सभागृहात तो क्षण अंगावर येतो. माणूस घड्याळाकडे बघतो आणि ‘बरं, भेटू’ म्हणून सटकतो. मागे सूर चालू असले की त्या गप्प राहण्याला निमित्त मिळतं. दोघंही क्षणभर ऐकत बसतात, आणि त्यानंतर येणारा प्रश्न बहुधा मनातला असतो.

एका वर्षी खांबाजवळ आमच्या एक निवृत्त बाई बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी, आणि पलीकडे कुणाचा तरी अबोल जावई. त्याच्याशी काय बोलावं ते आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं. त्याची बोटं मात्र खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, ‘तबला शिकलायस का रे?’ शिकत होता, वडील गेल्यावर क्लास सुटला, असं तो म्हणाला. एवढं बोलून थांबला. बासरी चालूच होती. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याने खुर्ची आमच्याकडे वळवली आणि वडिलांबद्दल बोलायला लागला तो बोलतच राहिला. रंगमंचावरून पुढच्या कार्यक्रमाची घोषणा झाली, लोक जागेवर जाऊन बसले, तरी आम्ही तिघं तिथेच.

संगीताचं दुसरं काम मला कळलं ते ते बंद पडल्यावर. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एक बाजू अर्ध्या तासाची. एकदा बाजू संपली, टेपरेकॉर्डरचं बटण ‘खट्’ करून वर आलं, आणि का कोण जाणे, सगळ्यांचं बोलणंही एकदम थांबलं. त्या शांततेत एका गृहस्थांचं वाक्य अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं, ‘...घरी अजून बोललो नाहीये, नोकरी सुटल्याचं.’ कुणी हसलं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही. काकांनी धावत जाऊन कॅसेट उलटली. पण ते गृहस्थ पुढे हवापाण्यावरच बोलले. तोपर्यंत त्या सुरांचा त्यांना केवढा आडोसा होता! समोरच्याला सगळं ऐकू जातंय आणि शेजारच्या घोळक्याला शब्द लागत नाहीत, अशी खात्री असल्याशिवाय कोण आपलं दुखणं बाहेर काढेल? पुढच्या वर्षीपासून काका दोन टेपरेकॉर्डर आणू लागले. एक बाजू संपत आली की दुसऱ्याचा आवाज अलगद वर. मंडळाने त्यांचा सत्कार केला तो ध्वनिव्यवस्थेबद्दल. माझ्या मते तो या दुसऱ्या टेपरेकॉर्डरसाठी व्हायला हवा होता.

हा आडोसा जाडजूड झाला की मात्र सगळं बिघडतं. एका साली भाड्याने मोठे स्पीकर आणले. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवून दिलं होतं की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्यांच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. त्या संध्याकाळी तो डोळ्यांदेखत पाहिला. एक गट मोठ्याने बोलला म्हणून शेजारचा ओरडला, त्यामुळे तिसरा. समोरासमोर साधं बोलणं साठेक डेसिबलचं असतं; त्याच्या वर संगीत गेलं की उरतात फक्त नावगाव आणि मान हलवणं. ओरडून कुणी मन मोकळं करत नाही. सगळ्यात हाल झाले ते आमच्या सरांचे. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्यांच्यावरच बरीच अवलंबून असते. सर प्रत्येकाकडे बघून हसत होते आणि त्यांना एक वाक्य धड कळत नव्हतं. फार वाईट वाटलं.

गाण्यांबद्दलही माझं मत ठाम आहे: गप्पांच्या वेळी शब्द नकोत. कानावर दोन भाषणं एकदम पडली की मन फाटतं, आणि गाणं ओळखीचं असलं तर ते बोलणाऱ्याचा हात धरून त्याला दुसरीकडेच घेऊन जातं. नुसती वाद्यं असली तरी ती फार रंगून चालत नाहीत. 1920 साली पॅरिसमध्ये एरिक साती या संगीतकाराने नाटकाच्या मध्यंतरात, कुणी लक्ष देऊ नये अशाच हेतूने रचलेलं संगीत वाजवलं. वादक सुरू झाले आणि लोक मुकाट्याने जागेवर येऊन ऐकत बसले. ‘बोला, फिरा, ऐकू नका,’ असं साती त्यांना सांगत राहिला, पण व्यर्थ. आमच्या काकांनी हे नाव कधी ऐकलेलं नसणार. तरीही कॅसेटवरचा द्रुत भाग सुरू झाला की ते पुढे ढकलून पुन्हा संथ आलापीवर आणायचे, कारण द्रुत लयीत लोक बोलणं थांबवून टाळ्यांची तयारी करायला लागतात.

अलीकडे मंडळाने आणखी एक बदल केला आहे. भाषणांनंतर मध्यंतर होण्याआधी सगळ्यांनी मिळून शाळेची प्रार्थना आणि दोन समूहगीतं म्हणायची. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रौढांच्या नव्याने सुरू झालेल्या वर्गांची तुलना प्रसिद्ध केली होती. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळेच आपापल्या वर्गात सारखे रुळले होते. पण गाणाऱ्यांची जवळीक सुरुवातीच्या काळातच, इतरांपेक्षा लवकर झाली होती. मेळावा एका दिवसाचा, आमच्याकडे सात महिने कुठले? एकत्र श्वास घेऊन दोन कडवी म्हटली की शेजारचा परका वाटत नाही, आणि मग बासरीलाही फार कष्ट पडत नाहीत.

आता काका येत नाहीत, गुडघ्यांनी त्रास दिला. काम त्यांच्या नातीकडे आहे, कॅसेटच्या जागी मोबाइल आहे. आजोबांनी तिला दोनच सूचना दिल्यात: मधे खंड पडता कामा नये, आणि समोरच्याचं बोलणं ऐकायला कुणालाही पुढे वाकावं लागता कामा नये. ती सभागृहात फिरून हे खरंच तपासते. जिथे कुणी कानाशी हात नेताना दिसेल, तिथला स्पीकर ती बंद करून टाकते. यंदाच्या मेळाव्याची तारीख लवकरच कळवू. प्रार्थना चुकवू नका, आणि आपल्या तुकडीबाहेरच्या एखाद्याशेजारी बसा.